ओळख चोरून माझ्या नावावर कर्ज काढले आहे, पोलीस गुन्हा नोंदवत नाहीत; पुढे काय करावे?

सांजवात:

नमस्कार. माझ्या नावावर दोन डिजिटल कर्जे काढली गेली आहेत आणि त्यांतील एकही मी घेतलेले नाही. वसुलीसाठी आलेल्या एका फोनमुळे हा प्रकार प्रथम लक्षात आला. त्यानंतर मी पत अहवाल, म्हणजे माझ्या नावावरील कर्जांचा व परतफेडीचा अहवाल, मागवला. त्यात नाव, जन्मतारीख आणि पॅन क्रमांक अचूक माझेच आहेत. परंतु मोबाइल क्रमांक अनोळखी आहे, पत्ता अशा ठिकाणचा आहे जिथे मी कधीही राहिलेले नाही आणि ईमेल पत्ता माझ्या ईमेलसारखाच असला, तरी त्यात आडनावातील एक अक्षर जास्तीचे आहे. म्हणजे ही नजरचुकीची नोंद नसून कुणीतरी समजून-उमजून माझ्या नावाने अर्ज केला आहे, असे मला वाटते.

राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार केली आणि पोच क्रमांक मिळाला. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज घेऊन गेले असता ठाणे अंमलदारांनी तो ठेवून घेतला, प्रतीवर आवक शिक्का मारून दिला आणि सांगितले की, "तुमच्या खात्यातून पैसे गेलेले नाहीत, फसवणूक झाली असेल तर ती कर्ज देणाऱ्या कंपनीची झाली आहे, तेव्हा तक्रार कंपनीने करावी, आणि हे प्रकरण तसेही सायबर पोलिसांचे आहे." कंपनीला लिहिले, तर तिथून उत्तर आले की एफआयआरची प्रत आणल्याशिवाय कर्जाची नोंद काढता येणार नाही. पोलीस कंपनीकडे बोट दाखवतात, कंपनी पोलिसांकडे, आणि दरम्यान हप्ते थकल्याची नोंद माझ्याच नावापुढे वाढत चालली आहे.

माझे पैसे गेले नसतील, तर कायद्याने मी फिर्यादी होऊ शकत नाही का? पोर्टलची पोच पुरेशी नाही का? अर्ज पुन्हा लिहायचा झाल्यास त्यात नेमके काय असावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माजी_ठाणेदार:

आपण फिर्यादी निश्चितच होऊ शकता, आणि आपल्याला जे सांगण्यात आले ते कायद्याला धरून नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६ सी आले. दुसऱ्या व्यक्तीची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी, पासवर्ड किंवा तिची ओळख पटवणारे अन्य कोणतेही विशिष्ट चिन्ह कपटाने अथवा अप्रामाणिकपणे वापरणे हाच या कलमाखालील गुन्हा आहे. त्यातून त्या व्यक्तीच्या खात्यातील पैसे गेले पाहिजेत, अशी अट त्यात कुठेही नाही. आपला पॅन आणि जन्मतारीख आपल्या नकळत कर्जाच्या अर्जात भरली गेली, त्या क्षणी आपण पीडित झालात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता पोलीस त्याचा तपास करू शकतात. संगणकीय साधनाच्या मदतीने तोतयेगिरी करून फसवणूक केली, यासाठी कलम ६६ डी आहे. कंपनी फसवली गेली हेही खरे आहे, पण त्यामुळे आपला हक्क संपत नाही. एकाच कृत्याने दोघांचे नुकसान होऊ शकते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यातील फसवणूक (कलम ३१८), तोतयेगिरी करून फसवणूक (कलम ३१९), बनावटीकरण (कलम ३३६) आणि बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणे (कलम ३४०) ही कलमेही वस्तुस्थितीप्रमाणे लागू शकतात. कोणती कलमे लावायची हे ठरवणे पोलिसांचे काम आहे. आपण अर्जात कलमांची जंत्री देऊ नये. मी अनेक अर्ज असे पाहिले की ज्यांत कलमे पुष्कळ होती आणि घटना शोधून काढावी लागत होती. समोरच्या अंमलदाराला पहिल्या परिच्छेदातच कुणी, कशाचा, कशासाठी गैरवापर केला हे दिसले पाहिजे. सुरुवात साधारण अशी असावी:

"अज्ञात इसमाने माझा पॅन क्रमांक, नाव व जन्मतारीख माझ्या संमतीविना वापरून, माझी नसलेली मोबाइल व ईमेल माहिती देऊन, अमुक कंपनीकडून अमुक तारखेस अमुक रकमेचे कर्ज मंजूर करून घेतले आहे. सदर अर्ज मी केलेला नाही, त्यावर मी स्वाक्षरी केलेली नाही व कर्जाची रक्कम मला मिळालेली नाही. ही बाब मला अमुक तारखेस प्रथम समजली."

यानंतर आपल्या पत अहवालातील ती ओळ जशीच्या तशी उतरवावी. कर्ज खाते क्रमांक, तारीख, रक्कम, त्यातील अनोळखी मोबाइल क्रमांक आणि ईमेल पत्ता हे सर्व लिहावे. आपल्याला ती चुकीची माहिती वाटत असेल, पण तपास अधिकाऱ्याच्या दृष्टीने तोच आरोपीपर्यंत जाणारा पहिला धागा आहे. त्या मोबाइल क्रमांकाचे सिम कुणाच्या नावावर घेतले, ते कोणत्या हँडसेटमध्ये चालले, हे पोलीस दूरसंचार कंपनीकडून मागवू शकतात. आपण किंवा मी मागवू शकत नाही. म्हणून मागणीही स्पष्ट लिहावी: गुन्हा नोंदवावा आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ९४ अन्वये कर्ज कंपनी व दूरसंचार कंपनी यांच्याकडून अभिलेख मागवावेत.

"हे सायबर पोलिसांचे आहे" याबद्दल दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७८ नुसार तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. गुन्हा कोणत्या ठाण्यात नोंदवावा, यावर हे कलम बंधन घालत नाही, आणि निरीक्षक तर बहुतेक ठाण्यांत असतोच. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर घेणे ठाण्यावर बंधनकारक आहे. हद्दीचा प्रश्न असल्यास शून्य क्रमांकाने नोंदवून तो पुढे वर्ग करता येतो.

आता पोर्टलच्या पोचबद्दल. ती तक्रार मिळाल्याची नोंद आहे, एफआयआर नव्हे. पोर्टलवरची तक्रार संबंधित राज्याच्या पोलिसांकडे जाते आणि त्यांनी ती पाहून गुन्हा दाखल केला, तरच गुन्हा रजिस्टर क्रमांक पडतो. आपल्या अर्जात हा पोच क्रमांक अवश्य नमूद करावा, कारण त्यावरून आपण वेळेवर कळवल्याचे दिसते. परंतु कंपनी जे मागत आहे ते त्याने भागणार नाही.

कर्जखाते:

मी वित्तीय क्षेत्रात कर्ज खात्यांच्या तक्रारी हाताळण्याचे काम करतो, त्यामुळे कंपनीच्या बाजूने काय उपलब्ध असते ते सांगतो.

आपण कंपनीला बहुधा "हे कर्ज माझे नाही, नोंद काढा" असे लिहिले असेल. त्याऐवजी, किंवा त्याच्याबरोबर, अभिलेखांची मागणी करावी. प्रत्येक डिजिटल कर्जामागे अर्ज, ओळख पडताळणीची कागदपत्रे, बहुतेक वेळा अर्जदाराचे छायाचित्र किंवा व्हिडिओ, करारावरील ई-स्वाक्षरीची नोंद, ज्या उपकरणावरून अर्ज झाला त्याची माहिती, आयपी पत्ता आणि रक्कम ज्या बँक खात्यात गेली त्याचा तपशील असतो. कंपनी यातील सर्व काही आपल्याला देईलच असे नाही, परंतु कराराची प्रत आणि अर्जातील छायाचित्र जरूर मागावे. छायाचित्र दुसऱ्याच व्यक्तीचे निघाले, तर पुढचा वाद पुष्कळ कमी होतो.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एकच आहे: पैसे कोणत्या खात्यात गेले? रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांप्रमाणे मोजके अपवाद सोडता कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात जमा झाली पाहिजे. म्हणजे दोनच शक्यता उरतात. रक्कम दुसऱ्याच्या नावावरील खात्यात गेली असेल, तर कंपनीने स्वतःवर बंधनकारक असलेला नियम पाळलेला नाही, आणि हे तिला लेखी विचारता येते. रक्कम आपल्या नावाच्या खात्यात गेली असेल आणि ते खाते आपण उघडलेले नसेल, तर आपली ओळख आणखी एका बँकेत वापरली गेली आहे आणि ते खाते अजून चालू असू शकते. ही दुसरी शक्यता मला अधिक चिंताजनक वाटते, कारण अशा खात्यातून उद्या इतरांच्या फसवणुकीचे पैसे फिरले, तर पोलिसांची नोटीस आपल्या नावावर येईल. या कारणासाठीही आपली फिर्याद आधी नोंदलेली असणे फार आवश्यक आहे.

पत अहवालाबाबत एफआयआरची वाट पाहत बसू नये. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या पत अहवाल देणाऱ्या चारही संस्थांकडे वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चारही मागवावेत, कारण एखादे कर्ज एका अहवालात दिसते आणि दुसऱ्यात दिसत नाही. प्रत्येक चुकीच्या नोंदीवर तिथेच हरकत नोंदवता येते. तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या परिपत्रकाने केली आहे. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा असमाधानकारक उत्तर दिले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन आणि विनाशुल्क तक्रार करता येते. हा मार्ग पोलिसांच्या मार्गाला समांतर चालतो. एक पूर्ण होईपर्यंत दुसरा थांबवण्याचे कारण नाही.

सांजवात:

आपणा दोघांचेही मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे अर्ज नव्याने लिहून थेट पोलीस निरीक्षकांना भेटले. या वेळी त्यांनी तो पूर्ण वाचला आणि अनोळखी मोबाइल क्रमांकाभोवती खूणही केली. परंतु गुन्हा लगेच नोंदवता येणार नाही, आधी प्राथमिक चौकशी करू, असे ते म्हणाले. या चौकशीला काही मुदत असते का? आणि पुरावा म्हणून माझा मोबाइल जमा करावा लागेल का? माझे सर्व काम त्यावरच चालते.

वकील_अन्वय:

मुदत आहे. ज्या दखलपात्र गुन्ह्यांना तीन वर्षे किंवा अधिक, परंतु सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे, त्यांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने प्राथमिक चौकशी करता येते आणि ती १४ दिवसांत पूर्ण करावी लागते. चौकशीचा हेतू प्रथमदर्शनी प्रकरण आहे का, एवढेच पाहण्याचा असतो. आपण निरीक्षकांना अत्यंत सौम्य शब्दांत पत्र द्यावे की, "अमुक तारखेस आपण प्राथमिक चौकशी करत असल्याचे सांगितले, तिची परवानगी कोणत्या तारखेस मिळाली ते कृपया कळवावे." या एका पत्राने मुदत मोजण्याची तारीख कागदावर येते. तोंडी चौकशीला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. शिवाय कर्जासाठी बनावट दस्तऐवज तयार केल्याचे दिसत असेल, तर फसवणुकीच्या उद्देशाने केलेल्या बनावटीकरणाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तो गुन्हा १७३(३) च्या कक्षेत येत नाही, हेही त्यांच्या निदर्शनास आणता येईल.

तरीही नोंद झाली नाही, तर कलम १७३(४) प्रमाणे तक्रारीचा सारांश पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असल्यास संबंधित उपायुक्तांना, टपालाने लेखी पाठवावा. पोस्टाची पावती आणि पोच जपून ठेवावी, कारण पुढची पायरी तिच्यावर अवलंबून आहे. अधीक्षकांकडूनही काही झाले नाही, तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि कलम १७५(३) अन्वये ते तपासाचा आदेश देऊ शकतात. मधली पायरी गाळून थेट न्यायालयात गेल्यास अर्ज तेवढ्याच कारणावरून मागे येतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. वकील नेमणे परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधी साहाय्य मिळते.

मोबाइलबाबत: आपल्या प्रकरणात मूळ पुरावा कर्ज कंपनीच्या संगणकात आहे, आपल्या फोनमध्ये नाही. आपल्याकडे वसुलीचे कॉल, संदेश आणि ईमेल आहेत. त्यांच्या छापील प्रती देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते, म्हणजे हे अभिलेख कोणत्या उपकरणातून आणि कसे काढले, याचे विहित नमुन्यातील निवेदन. हल्लीच्या नमुन्यात दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. फोन तपासासाठी खरोखरच घ्यावा लागला, तर पंचनामा करूनच द्यावा आणि त्याची प्रत घ्यावी. तोपर्यंत एकही संदेश पुसू नये, फोन बदलू नये आणि तो फॅक्टरी रीसेट करू नये.

भरपाईचा एक कमी वापरला जाणारा मार्गही सांगतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४६ खाली प्रत्येक राज्यात निर्णय अधिकारी असतो आणि हे काम राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव पाहतात. पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात. आपली माहिती कुणाच्या निष्काळजीपणामुळे बाहेर पडली, हे तपासात निष्पन्न झाले, तर हा मार्ग उपयोगी पडेल. आज घाई नको.

दुर्वा:

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण पोलिसांचा भाग सारखाच आहे. माझे नाव आणि छायाचित्र वापरून कुणीतरी समाजमाध्यमावर बनावट खाते उघडले आणि माझ्या परिचितांकडे उपचारांसाठी म्हणून पैसे मागितले. अशा वेळी पहिली इच्छा होते ती खाते ताबडतोब बंद पाडण्याची. माझे ठाम मत आहे की त्याआधी पुरावा टिपून ठेवावा. केवळ पडद्याचे चित्र पुरत नाही. खात्याचा पूर्ण वेब पत्ता लिहून घ्यावा, कारण खात्याचे दर्शनी नाव बदलता येते आणि तपास अधिकाऱ्याला माध्यम कंपनीकडे मागणी करताना नेमका पत्ताच लागतो. ज्यांच्याकडे पैसे मागितले गेले, त्यांच्यापैकी दोघांनी आपले संवाद न पुसता ठेवले आणि पोलिसांत जबाब दिला. माझ्या म्हणण्यापेक्षा त्यांच्या जबाबांना अधिक वजन आले, कारण फसवणुकीचा प्रयत्न प्रत्यक्ष त्यांच्याशी झाला होता.

वेळेचेही भान ठेवावे लागते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या संगणक प्रणालींचे लॉग, म्हणजे वापराच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपायचे असतात. त्यानंतर ते असतीलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. अर्ज ठाण्यात पडून राहिला, तर दरम्यान आरोपीपर्यंत नेणारा आयपी पत्ताच नाहीसा होऊ शकतो, हे मी तपास अधिकाऱ्यांना लेखी कळवले होते.

आणखी एक. आपले कुठे-कुठे काय वापरले गेले, हे फिर्याद देण्याआधी एकदा पाहून घ्यावे, म्हणजे सर्व प्रकार एकाच फिर्यादीत येतो. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसते आणि आपली नसलेली जोडणी तिथेच कळवता येते. आधारच्या संकेतस्थळावर मागील सहा महिन्यांतील प्रमाणीकरणाचा इतिहास पाहता येतो. बायोमेट्रिकही कुलूपबंद करता येते. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन क्रमांक टाकून आपल्या नावावर एखादा व्यवसाय नोंदला आहे का, हे तपासता येते.

निरंजन७:

ज्यांच्या खात्यातून प्रत्यक्ष पैसे गेले असतील, त्यांनी मात्र अर्ज लिहीत बसू नये. प्रथम १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, त्याच वेळी बँकेला कळवावे आणि ठाण्याचे त्यानंतर पाहावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जाण्याआधी ते गोठवता आले, तरच परत मिळण्याची आशा असते.

सांजवात:

दुर्वा, आपल्या सूचनेमुळे संचार साथीवर पाहिले. माझ्या नावावर मी न घेतलेली एक जोडणी निघाली आणि तिचे शेवटचे दिसणारे अंक पत अहवालातील अनोळखी क्रमांकाशी जुळतात. म्हणजे सिमसुद्धा माझ्याच नावावर घेतलेले असावे. आता निरीक्षकांना पुरवणी अर्ज द्यावा, की ती जोडणी बंद करण्याची विनंती आधी करावी? आणि वसुलीचे फोन आता माझ्या आईवडिलांनाही येऊ लागले आहेत, त्यांचे काय करावे?

माजी_ठाणेदार:

आधी पुरवणी अर्ज द्यावा, तोही आजच. जोडणी कळवण्याचे काम त्यानंतर लगेच करावे. पडद्यावर दिसणाऱ्या नोंदीची प्रत तारखेसह अर्जाला जोडावी. क्रमांक आपल्या नावावर दिसत असल्यामुळे तपास अधिकारी सिम देणाऱ्या विक्रेत्याकडील अर्ज आणि त्यावरील छायाचित्र मागवतील, आणि अशा प्रकरणांत खरा माणूस पुष्कळदा तिथेच सापडतो. क्रमांक चालू असेपर्यंत त्यावर आपण स्वतः फोन करू नये. समोरचा सावध झाला, तर सिम फेकून देईल.

आता निरीक्षकांना प्राथमिक चौकशीची गरज वाटण्याचे कारण फारसे उरत नाही, कारण पत अहवाल आणि सिमची नोंद एकमेकांना दुजोरा देतात. हे पुरवणी अर्जात एका वाक्यात लिहावे. गुन्हा नोंदल्यावर एफआयआरची प्रत विनामूल्य मिळण्याचा आपला हक्क आहे. ती हातात आल्याशिवाय ठाण्यातून निघू नये. घरी जाण्याआधी तीत दोन्ही कर्ज खात्यांचे क्रमांक आले आहेत का, ते वाचून पाहावे, कारण एकाच खात्याचा उल्लेख असेल, तर दुसरी कंपनी ती प्रत मान्य करणार नाही. तपास कुठवर आला हे फिर्यादीला ९० दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तपास अधिकाऱ्यांचे नाव आणि गुन्हा रजिस्टर क्रमांक घालून अधूनमधून लेखी विचारणा करण्यात कोणताही संकोच बाळगू नये.

वसुलीच्या फोनबाबत: रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही आणि कर्जदाराच्या कुटुंबीयांना त्रास देणे किंवा धमकावणे यांस मनाई आहे. आईवडिलांना सांगावे की त्यांनी वाद घालू नये, कोणतीही माहिती देऊ नये आणि "थोडे तरी भरा" या आग्रहाला बळी पडून एक रुपयाही भरू नये, कारण पैसे भरले की कर्ज मान्य केल्याचा अर्थ काढला जातो. प्रत्येक फोनचा क्रमांक, वेळ आणि बोलणाऱ्याने सांगितलेले नाव वहीत उतरवावे. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने कळवावे की कर्ज वादग्रस्त आहे, पोलिसांत अर्ज दिलेला आहे आणि यापुढचा संपर्क केवळ लेखी स्वरूपात करावा. धमकी दिली गेली, तर ती स्वतंत्र फिर्याद होते आणि तिच्यासाठी ही वही पुरावा म्हणून द्यावी.